आसन घ्यावे की नाकारावे?

आज एका लहानशा वस्तूविषयी लिहावयाचे आहे. वस्तू दोन फूट लांब-रुंद, कापसाने भरलेली, बसावयाची. परंतु तिने मला गेल्या चैत्रात तीन रात्री झोप येऊ दिली नाही, म्हणून तिचा विषय आपणापुढे ठेवतो.

दर्यापूर तालुक्यातील एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. खारपाणपट्ट्यातले गाव, पाणी मचूळ, माणसे गोड. पहिले तीन दिवस दुपारचे प्रवचन माझ्याकडे होते. कीर्तनकार नारदाच्या गादीवर उभा असतो, त्यामुळे त्याला बसण्याचा प्रश्न पडत नाही. प्रवचन मात्र बसून सांगावयाचे असते. ज्यांच्या घरी माझा मुक्काम होता, त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त जपानात चार वर्षे राहून नुकताच परतला होता. त्याने तिकडून एक बस्कर आणले होते. त्याला तिकडे 'झाबुतोन' म्हणतात. गडद निळ्या कापडाचे, मध्यभागी दोऱ्याचा लहानसा गोंडा. पोराने मोठ्या भक्तीने ते माझ्या गादीवर नेऊन ठेवले आणि म्हणाला, "महाराज, हे तुमच्यासाठीच आणलं."

मी बसू लागलो, तोच पुढे बसलेले एक वृद्ध टाळकरी (वय ऐंशीच्या घरात, मळकी टोपी, गळ्यात माळ) हसत हसत म्हणाले, "महाराज, खाली सतरंजी, तिच्यावर गादी, अन् गादीवर हे. आता आखीन किती वर जाता जी?"

मंडपात हशा पिकला. मीही हसलो. प्रवचनही झाले. परंतु रात्री अंथरुणावर पडलो तेव्हा म्हाताऱ्याचे शब्द उशाशी येऊन बसले. खरेच, किती वर? ज्या संप्रदायात लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, त्यात सांगणाऱ्याने ऐकणाऱ्यापेक्षा उंच का बसावे? आणि कोणी प्रेमाने बसवत असेल, तर न बसण्याचा तरी आपल्याला काय अधिकार?

येथे कोणी शंका घेईल की, बुवा, परमार्थात बस्कराचा एवढा विचार कशाला? तर माऊली, आपल्या शास्त्रांनी तो फार केलेला आहे. षोडशोपचार पूजेत देवाला बोलावले की पाय धुण्याच्याही आधी काय देतात? आसन. आवाहनानंतरचा दुसराच उपचार तो. अतिथी दारी आला तर सज्जनाच्या घरी निदान चार गोष्टी कधी उण्या पडत नाहीत, असे स्मृतिकार म्हणतात : बसावयास गवत, टेकावयास जमीन, पाणी, आणि गोड शब्द. पाहा, गरिबातल्या गरिबाचाही विचार केला आहे. गादी नसेल तर गवत द्या, पण 'बसा' म्हणा. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी योग्याचे आसन सांगितले, तेही फार उंच नको, फार सखल नको, असे माप घालून. दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र. म्हाताऱ्या टाळकऱ्याचे तीन थर आणि गीतेचे तीन थर ताडून पाहिले, तेव्हा अंधारातच मला हसू आले. थर तिथेही तीनच आहेत! परंतु ते आसन एकांतात बसणाऱ्याचे आहे, चारशे माणसांपुढे बसणाऱ्याचे नव्हे.

पाठशाळेत आमच्या गुरुजींनी एक गोष्ट पहिल्याच वर्षी सांगितली होती. 'उपनिषद्' या शब्दात 'सद्' हा बसण्याचा धातू आहे. 'उप' म्हणजे जवळ आणि 'नि' म्हणजे खाली. गुरूच्या जवळ, खाली बसून जे मिळते ते. 'उपासना' या शब्दात 'आस्' धातू आहे, तोही बसण्याचाच. देवाजवळ बसणे ती उपासना. आमच्या पूर्वजांनी ज्ञानाला आणि भक्तीला दोन्हीला बसण्याचेच नाव दिले. त्यात जवळ आहे, खाली आहे. वर कुठे आहे?

असो. आता त्या बस्कराकडे येऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या मुलाला जवळ बसवून सगळे विचारून घेतले. तिकडे घरात तातामी नावाची जाड चटई जमिनीवर बसवलेली असते. तिच्यावर पाहुण्यासाठी हे बस्कर मांडतात. 'झा' म्हणजे बसण्याची जागा आणि 'बुतोन' हा 'फुतोन'चा अवतार. फुतोन म्हणजे आपली अंथरायची गादी. बस्कर चौरस दिसते, परंतु मापले तर एक बाजू बोट-दोन बोटे अधिक असते. तीन बाजूंना शिवण असते आणि चौथ्या बाजूला कापड सलग दुमडलेले. ती सलग बाजू पाहुण्याच्या गुडघ्यांकडे येईल असे मांडतात. घरातली मानाची जागा दारापासून लांब, भिंतीतल्या कोनाड्यासमोर. तिथे चित्र टांगलेले, फुले ठेवलेली. पाहुण्याला तिथे बसवावयाचे आणि यजमानाने दाराकडे बसावयाचे.

इथवर ऐकून मी म्हटले, यात नवल ते काय, आपल्याकडेही तेच. मुलगा म्हणाला, "नाही महाराज, पुढचं ऐका. पाहुणा आल्याआल्या बस्करावर बसत नाही. तो बाजूला चटईवर गुडघे टेकून थांबतो. यजमान 'बसा' म्हणतो, तेव्हा बसतो. बसतानाही त्यावर पाय देत नाही, गुडघ्यांनी सरकत जातो. आणि कोणाला नमस्कार करायचा झाला तर आधी बस्करावरून खाली उतरतो. बस्करावर बसून नमस्कार केला तर तो असभ्यपणा."

हे ऐकून मी गप्प झालो.

आणखीही त्याने सांगितले. तिकडे 'राकुगो' म्हणून कथा सांगण्याची कला आहे. एकच माणूस एका बस्करावर बसतो. हाती एक पंखा आणि एक हातरुमाल. तेवढ्यावर तो सासू-सून, चोर-शिपाई सगळे उभे करतो. जागचा उठत मात्र नाही. एकाची कथा संपली की एक शिकाऊ पोरगा येऊन बस्कर उलटे करतो आणि पुढच्यासाठी मांडतो. आधीच्याची ऊब पुढच्याला नको, त्याला स्वतःची कोरी जागा मिळावी, असा त्यातला भाव मी घेतला. कुस्तीचीही गंमत ऐकली. तिकडच्या सर्वांत मोठ्या मल्लाला धाकट्याने चीत केले की प्रेक्षक आपापली बस्करे आखाड्याकडे भिरकावतात. आमच्या श्रोत्यांचे उपकार की कीर्तन फसले तर ते आसने फेकत नाहीत, नुसते उठून जातात.

कापसाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आम्हा वऱ्हाडी माणसांना हे बस्कर परके वाटू नये. आमच्या उमरावतीच्या नावावरून मुंबईच्या आणि विलायतेच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला 'ऊमरा' म्हणत. १८७० साली खामगावला आगगाडीचा फाटा आला तो कापसासाठीच. आणि १८९३ साली जपानी कंपनीची मुंबईहून जपानला नियमित आगबोट सुरू झाली, तीही मुख्यतः कापूस नेण्यासाठी. जमशेटजी टाटांनी त्यात पुढाकार घेतला होता. तेव्हा दर्यापूर-अकोटच्या काळ्या मातीचा आणि त्या देशाचा धागा आजचा नव्हे.

माझ्या लहानपणी उन्हाळ्यात पिंजारी दारोदार येई. खांद्यावर ती भलीमोठी कमान, हातात लाकडी ठोका. तात ठणठण वाजू लागली की गल्लीतली सगळी पोरे धावत. वर्षभर बसून गादीतला कापूस दबतो, त्याचे गोळे होतात, एका अंगाला सरकतो. पिंजारी खोळ उसवून तो बाहेर काढी, तातीवर मोकळा करी, आणि मूठभर कापसाचा बघता बघता ढीग होई. आई म्हणे, "दादा, उशीला सावरीचा घाला, गादीला आपला." बहुतेक ठिकाणी हा पिंजारी मुसलमान असे. त्याने पिंजलेल्या गादीवर बसून बुवा प्रवचन सांगत, अकोटच्या विणकराच्या सतरंजीवर बसून लोक ऐकत. गादीला किती हात लागतात हे तिच्यावर बसणाऱ्याला क्वचितच आठवते. आता फोम आला. तो पिंजावा लागत नाही, आणि पिंजाऱ्याची तात ऐकू येत नाही.

परंतु जमिनीवर बसण्याचे गोडवे गाताना एक खोटेपणा होऊ नये. आपण सहज म्हणतो, खुर्ची आली आणि उच्चनीच आले. पूर्वी सगळे एका जमिनीवर बसत. सगळे बसत खरे, पण कुठे? चोखोबारायांना पंढरीत महाद्वाराच्या आत जागा नव्हती. त्यांची समाधी आजही दाराबाहेर, नामदेव पायरीपाशी आहे. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणीत लिहून ठेवले आहे की शाळेत त्यांना वेगळे बसावे लागे, आणि बसावयाचे गोणपाट स्वतःच घरून न्यावे लागे. शाळा झाडणारा गडीसुद्धा त्या गोणपाटाला हात लावीत नसे. तेही एक बस्करच होते! आमच्या अमरावतीत १९२७ साली अंबादेवीच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून परिषद भरली, तिचे अध्यक्ष तेच होते. पंढरीचे दार उघडावयाला १९४७ चा मे महिना उजाडावा लागला, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले.

आणि मी दुसऱ्यांचेच का सांगावे? पाठशाळेत असताना एका गावच्या पंगतीला आम्ही विद्यार्थी गेलो होतो. साल असेल १९७३-७४. आम्हाला पाट, पाटाभोवती रांगोळी. थोड्या अंतरावर काही माणसे उघड्या जमिनीवर, पुढ्यात आपापली भांडी घेऊन, आमचे जेवण व्हायची वाट पाहत बसली होती. मी तेरा वर्षांचा होतो. पाटावर बसलो आणि पोटभर जेवलो. मला काही वाटले नाही. आज वाटते ते हेच, की तेव्हा काही वाटले नाही.

कदाचित त्याचीच भरपाई म्हणून असेल, तिशीच्या सुमारास मी नेम केला : गादीवर बसावयाचे नाही. लोक जिथे बसतील तिथे मीही. डोळ्यांपुढे गाडगेबाबांचे चरित्र होते. आमच्याच जिल्ह्यातले शेंडगावचे. अंगावर चिंध्या, हाती खराटा. कोणाला पाया पडू देत नसत, कोणाच्या गादीवर टेकत नसत. मला वाटले, आपणही तसेच व्हावे.

एका गावी दलित वस्तीत प्रवचन होते. एका म्हातारीने माझ्यासाठी वाकळ शिवून आणली होती. जुन्या लुगड्यांचे तुकडे, बारीक टाके, काठाला लाल पट्टी. महिनाभर तरी खपली असेल. तिने ती अंथरली, हाताने सारखी केली आणि म्हणाली, "बसा जी." मी नेमाची ऐट सांभाळत म्हणालो, "नको माय, मी जमिनीवरच बसतो." आणि बसलो. लोकांनी माना डोलावल्या. बुवा किती साधे! म्हातारी काही बोलली नाही. प्रवचन संपल्यावर वाकळ घडी करत तिने एवढेच विचारले, "महाराज, गरिबाची हाय म्हून बसले नाई का जी तुमी?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी म्हणालो, "तसं नाही माय," परंतु ते तिला पटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही पटले नाही. ज्या वस्तीला पिढ्यान्‌पिढ्या कोणी 'बसा' म्हटले नव्हते, तिने मला 'बसा' म्हटले, आणि मी नाही म्हणालो. कारण कोणतेही असो, तिच्या बाजूने पाहिले तर ते जुनेच 'नाही' होते. पुढच्या वर्षी त्याच गावी गेलो तेव्हा ती आली, मागे बसली, आणि प्रसाद न घेता गेली.

तेव्हापासून गाडगेबाबांचे चरित्र मी निराळे वाचतो. बाबा गावात शिरले की आधी गाव झाडीत. गटारे काढीत. मग रात्री कीर्तनाला उभे राहत. पंढरपुरात त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. ज्यांना कुठे पाठ टेकू देत नसत, त्यांना निजायला जागा केली. १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचा देह पडला, तोही वाटेवरच. त्यांनी गादी नाकारली त्यामागे आयुष्यभराचा खराटा होता. मी खराटा न उचलताच गादी नाकारली. बाबांनी गादी सोडली तेव्हा त्यांचे स्वतःचे काही सुटले. मी सोडली तेव्हा म्हातारीचे काहीतरी हिरावून घेतले. क्रिया एकच.

ध्रुवबाळाची कथा आपण मुलांना सांगतो. सुरुचीने त्याला बापाच्या मांडीवर बसू दिले नाही, म्हणून तो वनात गेला. कथेत आपण अढळपदापर्यंत पोचतो आणि टाळ्या घेतो. मला आताशा वाटते, अढळपद मिळाले तरी ती मांडी? पाच वर्षांच्या लेकराला उंच जागा नको होती, जवळची हवी होती.

आणि आपला पंढरीराया! रुक्मिणी कौंडिण्यपूरची, म्हणजे विठ्ठल आम्हा वऱ्हाड्यांचा जावई. आमच्याकडे जावई आला की घरातली सगळ्यात जाड गादी, सगळ्यात नवी चादर. त्या जावयाला पुंडलिकाने काय दिले? वीट! आईबापांचे पाय चेपत होता, हात मोकळे नव्हते; जवळ होती ती वीट मागे सरकवली. देवाने ती नाकारली नाही. 'मी वैकुंठीचा, शेषाची गादी सोडून आलो' असे म्हणाला नाही, आणि 'मी साधा, मला वीटही नको' असेही म्हणाला नाही. दिली ती घेतली. मात्र घेतली आणि तिच्यावर बसला नाही, उभा राहिला. बसला असता तर यजमान खाली आणि पाहुणा वर असे झाले असते का, हा विचार मी पुष्कळ कीर्तनांत मांडला आहे. श्रोत्यांना तो आवडतो. तो बरोबर आहे की नाही ते पांडुरंग जाणे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ साली जपानात विश्वधर्म परिषदेला गेले होते. यावलीत जन्मलेला, खंजिरी वाजवणारा हा आमचा माणूस तिकडे जमिनीवर बसणाऱ्या लोकांत अवघडला नसेल, असे मला वाटते. त्यांच्या मोझरीच्या गुरुकुंजात सामुदायिक प्रार्थना होते तेथे समोर मूर्ती नाही, तसबीर नाही. मोकळे आसन मांडलेले असते, त्याला अधिष्ठान म्हणतात. हजारो माणसे त्या रिकाम्या आसनाकडे तोंड करून जमिनीवर बसतात. त्यावर कोणी बसत नाही, म्हणून ते सगळ्यांचे.

आता सप्ताहातल्या दुसऱ्या दिवसाचे सांगतो. मी मंडपात आलो आणि गादीवर न चढता खाली सतरंजीवर थांबलो. सेवेकरी गोंधळले. शेवटी त्या जपानवाल्या मुलाच्या आईने म्हटले, "बसा महाराज." तेव्हा बसलो, त्या निळ्या बस्करावरच बसलो. प्रवचनानंतर लोक पाया पडायला येऊ लागले, तेव्हा खाली उतरलो आणि प्रत्येकाच्या पाया पडलो. साठी उलटलेले गुडघे. दर वेळी कटकट वाजत. तिसऱ्या दिवशी माणसे थोडी समंजसपणाने कमी आली.

गुडघ्यांवरून आठवले. मंडपाच्या कडेला प्लास्टिकच्या दहा-बारा खुर्च्या ठेवल्या होत्या आणि त्यांवरून गावात दोन तट होते. एक म्हणे, ग्रंथ चौरंगावर, माणूस खुर्चीवर, म्हणजे ग्रंथाहून उंच, हे पाप. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या एक बाई या वादाला भिऊन मंडपाबाहेर कडुलिंबाखाली उभ्या राहून हरिपाठ म्हणत होत्या. मी म्हटले, ग्रंथाखाली आणखी एक चौरंग ठेवा आणि बाईंना आत आणा. पाच मिनिटांत झाले. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

तिसऱ्या दिवशी माझे शेवटचे प्रवचन संपले. चौथ्या दिवसापासून अकोल्याचे एक तरुण प्रवचनकार येणार होते. मी ते बस्कर उचलले आणि पहिल्या दिवशी मला टोकणाऱ्या त्या टाळकरीबाबांपुढे नेऊन मांडले. म्हटले, "बाबा, तासन्‌तास टाळ घेऊन बसता. हे घ्या."

ते दचकले. "मले नको जी. मी सतरंजीवरच बरा."

मग मी त्यांना वाकळेची गोष्ट सांगितली. म्हातारी काय म्हणाली तेही सांगितले. बाबा बराच वेळ बस्कराच्या गोंड्याशी चाळा करत राहिले. मग सरकून त्यावर बसले, हलून पाहिले, आणि म्हणाले, "कापूस बरा हाय."

निघायच्या आधी मी चौथ्या दिवशीचे प्रवचन ऐकावयास थांबलो होतो. तरुण बुवा आले, गादीपाशी उभे राहिले. टाळकरीबाबा आपल्या जागेवरून उठले. बस्कर काखेत घेऊन पुढे गेले, ते उलटे केले, दोन थापट्या मारून गादीवर नीट मांडले, आणि त्या पोरसवदा बुवांना म्हणाले, "बसा जी."